नमुना-वारंवारता
ध्वनीचे अंकीय मुद्रण करताना प्रतिसेकंद घेतलेल्या नमुन्यांची संख्या. नायक्विस्ट (१९२८) व शॅनन (१९४९) यांच्या विवेचनानुसार ती ध्वनीतील सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक असावी लागते. प्रारंभी असे मुद्रण व्हिडिओ फितीवर होई. प्रतिसेकंद ५० क्षेत्रे, क्षेत्रामागे २९४ रेषा व रेषेमागे ३ नमुने यांवरून ४४,१०० ही संख्या आली. १९८२ मध्ये विक्रीस आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने ती रूढ केली. चित्रध्वनी क्षेत्रात ४८,००० प्रचलित झाली.

ऑडिओ इंटरफेसवर आदान व प्रदान यांची जुळणी करताना या दोहोंपैकी कोणती संख्या योजली, हे म्हणूनच पाहावे लागते. ४४,१०० ने केलेले मुद्रण रूपांतराविना ४८,००० ने वाजविल्यास तासाचे वादन सु. ५५ मिनिटांत संपते व स्वर सु. दीड अर्धस्वराने चढतो. पेटीच्या बाबतीत ही चूक ताडता येते. पालघर जिल्ह्यात, बोईसर-तारापूरच्या कारखान्यांपलीकडील वारली पाड्यांत वाजणारा तारपा मात्र दुधी भोपळा व बांबू यांचा. त्यास ठरीव प्रमाणस्वर नाही, वादनही मौखिक परंपरेचे. नर्तकांची पावले त्याच्याच सुरावटीवर पडतात. अशा वाद्याच्या मुद्रणासोबत नमुना-वारंवारता नोंदलेली नसल्यास मूळ स्वर व लय पुढील पिढीस निश्चित करता येत नाहीत.