आढ्यवात : एका जुन्या व्याधीचा पथ्यविचार

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २९ वा अध्याय वातरक्ताला वाहिलेला आहे. तेथे या व्याधीची जी पर्यायी नावे येतात, त्यांत ‘आढ्यवात’ हेही एक आहे. आढ्य म्हणजे धनवान. खारट-आंबट पदार्थ, मांस, उडीद, कुळीथ, दही, मद्य, दिवसाची झोप, रात्रीचे जागरण आणि चालण्याचा कंटाळा ही कारणे तेथे सांगितली आहेत. वातरक्त आणि आजचा ‘गाउट’ तंतोतंत एकच, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु दोहोंचे वर्णन पुष्कळ ठिकाणी जुळते, हे मान्य करावे लागते.

सुखासीनतेशी या व्याधीचे नाते युरोपातही जोडले गेले होते. त्याचे ठळक उदाहरण म्हणजे सम्राट पाचवा चार्ल्स (१५००–१५५८). अर्ध्या युरोपावर सत्ता गाजवणारा हा पुरुष मांस आणि बिअर यांचा मोठा शौकीन होता. वैद्यांनी घातलेली बंधने त्याने फारशी मानली नाहीत. १५५५ मध्ये ब्रुसेल्स येथे राज्यत्यागाच्या समारंभास तो आला, तेव्हा विल्यम ऑफ ऑरेंजच्या खांद्याचा त्याला आधार घ्यावा लागला. पुढे स्पेनमधील यूस्ते येथील मठाशेजारी राहावयास गेल्यावरही बिअर सुटली नाही. त्याच्या जतन केलेल्या करंगळीच्या पेराची स्पॅनिश संशोधकांनी तपासणी केली आणि त्यात युरेटचे स्फटिक सापडल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध केले. साडेचार शतकांनंतर निदानावर असे शिक्कामोर्तब झाले!

या स्फटिकांचे मूळ काय, हे कळावयास बराच काळ लागला. १७७६ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने मूतखड्यातून युरिक आम्ल वेगळे केले. १८४८ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी गाउटच्या रुग्णांच्या रक्तात ते वाढलेले असते, हे दाखवून दिले. हे आम्ल केवळ ताटातून येत नाही. त्याचा मोठा वाटा शरीर स्वतःच तयार करते आणि त्याचा बहुतांश निचरा मूत्रपिंडांवाटे होतो. हा निचरा मंद असणे पुष्कळदा आनुवंशिक असते. म्हणजे दोष केवळ जिभेचा नव्हे.

आमच्या जुन्या घरांतून मात्र आजही अंगठा सुजला की प्रथम वरण आणि पालक बंद होतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४७ हजारांहून अधिक पुरुषांच्या बारा वर्षांच्या अमेरिकन पाहणीत मांस आणि मासळी यांनी धोका वाढतो, असे आढळले. डाळी-कडधान्ये व पालक यांनी तो वाढल्याचे दिसले नाही. कमी स्निग्धांशाच्या दुधादह्याने तर तो घटलेला दिसला. दह्याविषयी प्राचीन ग्रंथ आणि ही पाहणी यांचा मेळ बसत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. बिअर, काळीज-गुर्दा यांसारखे अवयवमांस आणि साखरेची शीतपेये ही खरी वर्ज्य. वजन हळूहळू उतरवावे. कडक उपवास करू नयेत, कारण त्यांनीच झटका येऊ शकतो. पाणी पुरेसे प्यावे. मात्र हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्याचे प्रमाण डॉक्टरांस विचारून ठरवावे.

तथापि, पथ्याने युरिक आम्ल थोडेच उतरते. वारंवार झटके येणाऱ्यास औषध लागते, आणि रक्तातील प्रमाण सामान्यतः ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवण्याचा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. १९६० च्या दशकात वापरात आलेल्या अ‍ॅलोप्युरिनॉलच्या शोधाशी निगडित असलेल्या गरट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुखणे थांबताच असे औषध मनाने सोडणे हा ज्येष्ठांमधील सर्रास आढळणारा प्रमाद होय. स्फटिक पुन्हा साचतात, सांधे झिजतात आणि मूत्रपिंडांनाही अपाय होऊ शकतो.

‘आढ्य’ हे विशेषण आता कालबाह्य झाले आहे. हा विकार कोणाही गृहस्थास होतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. चार्ल्सपाशी वैद्य होते, औषध नव्हते. आपणांपाशी दोन्ही आहेत. पथ्याला औषधाची आणि औषधाला पथ्याची जोड देणे, एवढेच आपल्या हाती उरते. आणि ते थोडके नाही, असे आम्हांस वाटते.