घाटातील तार आणि तिच्या दोन मर्यादा

बोरघाट आगगाडीने चढलेल्यांना तेथील बोगदे आठवतात. डोक्यावरच्या तारेचा इतिहास मात्र सहसा कोणी आठवत नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी धावली. १९२९ साली ही तार घाट ओलांडून पुण्यास आली. तिच्यातील विजेचा ठरीव दाब १५०० व्होल्ट होता.

ठरीव म्हटला, तरी तो स्थिर कधीच नसे. ३७ फुटांस १ फूट अशा चढावर जड गाडी तारेतून मोठा प्रवाह ओढी आणि उपकेंद्रापासून दूर दाब खाली येई. मग गाडी मंदावे. ओझे तेवढेच असल्यामुळे मोटारींतील प्रवाह घटत नसे. चढण्यास वेळ मात्र अधिक लागे. मोटारींना वारा घालणारे पंखेही त्याच तारेवर चालत, तेही मंद पडत. ताप वाढावा आणि वारा कमी व्हावा, अशा स्थितीत मोटार जळावयास कितीसा वेळ? म्हणून खालची मर्यादा.

वरच्या मर्यादेचे मर्म उतारावर कळते. त्या काळच्या ‘खेकडा’ नावाने ओळखल्या गेलेल्या इंजिनांत, उतरताना मोटारींनाच जनित्र करून गाडी आवरण्याची सोय होती. उतरणारी गाडी वीज तारेत परत देई, चढणारी ती घेई. पण घेणारे कोणी नसले तर? दाब चढत जाई. तो अति झाला, तर मोटारीत ठिणग्यांचा भडका उडण्याचे भय. आणि ते टाळण्यासाठी जोडणी तोडावी, तर गाडीचा आवर ऐन उतारावर सुटावयाचा! म्हणून चालकाला नेहमीचे ब्रेक सदैव सज्ज ठेवणे भाग होते.

मुंबई परिसरातील १५०० व्होल्टची राजवट २०१६ साली हार्बर मार्गावर संपली. आता तारेत २५,००० व्होल्ट आहेत. आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा दाब नित्य १९,००० ते २७,५०० व्होल्टच्या आत असावा. अल्पकाळ १७,५०० पर्यंत उतरलेला वा २९,००० पर्यंत चढलेला चालतो. आजच्या गाडीतील यंत्रणा दाबावर स्वतःच नजर ठेवते. तो उतरला की आपली ओढ कमी करते. चढला की परत देणे आवरते आणि उरलेले काम ब्रेकांवर सोपवते.

तार एक, गाड्या अनेक. घेताना इतरांस पुरेल एवढेच घ्यावे, देताना पेलेल एवढेच द्यावे, हाच या दोन आकड्यांचा अर्थ.