संक्रांतीची विमानं

कायद्याच्या लेखी आमच्या बीडीडी चाळीच्या गच्चीवरून दर संक्रांतीला विमानं उडत होती. १९३४च्या विमान कायद्यात 'एअरक्राफ्ट'ची जी व्याख्या होती, तिच्यात फुगे, ग्लायडर आणि हवाई जहाजांच्या पंगतीला पतंगही बसवला होता. आमच्या मजल्यावर हे कुणाच्या गावीही नव्हतं. जन्मभर महापालिकेच्या शाळेत शिकवलं, त्यामुळे नियमावली हातात आली की शेवटच्या पानापर्यंत वाचायची खोड आहे. निवृत्तीनंतर भाच्याला ड्रोनचं वेड लागलं आणि ती खोड कामी आली.

वरळीच्या या चाळी मुळात सरकारी कागदातूनच जन्मल्या. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट नावाचं खातं निघालं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. कायदेभंगाच्या दिवसांत इथल्या काही चाळी सत्याग्रहींसाठी तात्पुरते तुरुंगही झाल्या होत्या. तेव्हा सरकारची नजर आम्हाला नवी नाही.

गच्ची मात्र त्या नजरेतून सुटली होती. ऐंशी बिऱ्हाडांचं ते एकच अंगण. जानेवारी लागला की पोरं फुटक्या बाटल्या नि बल्ब कुटून, वस्त्रगाळ करून, सरस आणि खळीत कालवून मांजा सुतायची. दोरा एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत ताणायचा, चिंधीत लगदा घेऊन त्यावरून हात फिरवायचा. बोटं कापायचीच. आम्हा मुलींच्या वाट्याला फिरकी. पतंग भावाचा, कन्नी त्याने बांधलेली, काटाकाटीचा मान त्याचा. 'ढील दे', 'लपेट' हे हुकूम तेवढे आमच्यासाठी. पण एक सांगते, वारा समुद्राकडून फिरला की तो आधी फिरकी धरणाऱ्या हाताला कळतो. समोरच्या चाळीचा पतंग कापला की जांबोरी मैदानापर्यंत आरडाओरडा जायचा. परवानगी कुणी कुणाला विचारली नाही, कुणी मागितलीही नाही.

घरात मात्र परवानेच परवाने. रेडिओचं लायसन होतं, त्याचं पुस्तक वडील गिरणीच्या पगाराच्या पाकिटाशेजारी ठेवायचे आणि पोस्टात जाऊन नूतनीकरण करून आणायचे. सायकलला बिल्ला, रेशनला कार्ड. खाली बसून गाणी ऐकायची तर सरकारचा शिक्का हवा, आणि वर जाऊन आकाशात वाटेल ते उडवा! हा विनोद तेव्हा कुणाला दिसला नाही.

खरं उड्डाण आमच्यापासून लांब, जुहूला चालायचं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता १. ते शिकले त्या बॉम्बे फ्लाइंग क्लबला पुढे ड्रोनचं प्रशिक्षण द्यायचीही मान्यता मिळाली. १५ ऑक्टोबर १९३२ला त्यांनी कराचीहून टपाल घेऊन विमान जुहूला उतरवलं, तेव्हा आमच्या चाळींना पुरती दहा वर्षंही झाली नसतील. परवाना ही त्या काळी मिरवायची गोष्ट होती. आमच्या मजल्यावर विमानाचं तिकीट मिरवणारेही नव्हते, परवाना कुठला!

ड्रोन मात्र थेट आमच्या दारात आला, आणि आला तोही पिझ्झा घेऊन. ११ मे २०१४ला लोअर परळच्या एका पिझ्झावाल्याने सुमारे दीड किलोमीटरवरच्या वरळीतल्या एका उंच इमारतीत ड्रोनने पिझ्झा पोचवला. चित्रफीत गाजली, पाठोपाठ पोलिसांची चौकशी सुरू झाली. सव्वीस-अकरानंतरच्या मुंबईत परवानगीवाचून काही आकाशात सोडायचं म्हणजे पोलिसांनी विचारणारच, त्यात त्यांचं काय चुकलं? त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, नियम होईपर्यंत सामान्य माणसाने ड्रोन उडवूच नये असं जाहीर करून टाकलं. देशातच तयार झालेला ड्रोन 'थ्री इडियट्स'मध्ये २००९ सालीच सगळ्यांनी पाहिला होता. म्हणजे पडद्यावर आधी, कायद्यात नंतर.

नियम आले १ डिसेंबर २०१८पासून. 'परवानगी नाही तर उड्डाण नाही' हे त्यांचं तत्त्व, आणि सगळी भिस्त डिजिटल स्काय नावाच्या संकेतस्थळावर. मार्च २०२१मध्ये आणखी जाड नियमावली आली. ती इतकी किचकट होती की पाच महिन्यांत सरकारने स्वतःच मोडीत काढली. मधल्या काळात, जून २०२१मध्ये, जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली गेली. आता सगळं आवळणार असं वाटत असताना २५ ऑगस्टला आलेले ड्रोन नियम उलट सैल निघाले: पंचवीस अर्जांचे पाच झाले, बहात्तर प्रकारच्या शुल्कांची चार झाली. फेब्रुवारी २०२२च्या दुरुस्तीने 'परवाना' हा शब्दच काढून प्रमाणपत्र आणलं. ते मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्था देते आणि दहा वर्षं चालतं. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि प्रशिक्षण पुरं केलेलं हवं.

भाचा हिरमुसला होता. "आत्या, एवढा क्लास करायचा म्हणजे फी किती?" मी म्हटलं, "नियम नीट वाच रे." हौसेखातर, पैसे न कमावता, दोन किलोपर्यंतचा ड्रोन उडवणाऱ्याला प्रमाणपत्र लागतच नाही. ड्रोनची नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक मात्र घ्यावा लागतो. त्याचं शुल्क शंभर रुपये. मित्र दुबईहून ड्रोन आणून देणार होता, तो नाद मी सोडायला लावला. परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२पासून बंदी आहे, आणि कागद नसलेल्या यंत्राची नोंदणी करताना नाकी नऊ येतात.

कागद असे सोपे झाले, अडचण उरली आकाशाची. विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळा पट्टा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी. आठ ते बारा किलोमीटरमध्ये साठ मीटरपर्यंत मोकळीक. त्यापलीकडे हिरव्या पट्ट्यात १२० मीटर. वरळी सरळ रेषेत त्या आठाच्या आसपासच येते. वर आयएनएस त्राता हा नौदलाचा तळ वरळीतच. आणि या सगळ्यावर मुंबई पोलिसांचे मनाई आदेश: ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून, सगळं बंद. आदेश एका वेळी महिन्याभराचा, पण पुन्हा पुन्हा निघणारा. सुरक्षेची गरज मला मान्य आहे. पण दिल्लीने दिलेली मोकळीक गल्लीत पोचतच नसेल, तर ती मोकळीक कुणासाठी?

दरम्यान चाळीच पडू लागल्या. १४ ऑगस्ट २०२५ला वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर पाचशे चौरस फुटांचं, इमारत चाळीस मजली. चाळीस मजले म्हणजे साधारण १२० मीटर. हौशी ड्रोनला जिथवर जायची मुभा, तिथवर आमची भिंतच पोचली. एवढ्या उंच गच्चीवर कोण पोरांना पतंग उडवू देणार? आणि काचेच्या मांजालाही २०१७मध्ये हरित लवादाने बंदी घातली, ते पक्ष्यांच्या आणि दुचाकीवाल्यांच्या गळ्यांसाठी बरंच झालं.

१९३४चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. सप्टेंबर २०२५मध्ये केंद्राने नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदाही हरकतींसाठी मांडला. शिक्षा, दंड, नोंदणी यांची चर्चा होईल, व्हायलाच हवी. माझी मागणी लहान आहे. शहरात क्रिकेटला मैदानं राखलीत, तशी हौशी ड्रोनसाठी एखादी मोकळी जागा, ठरलेले वार आणि ठरलेली वेळ पोलीस आणि महापालिकेने मिळून नेमून द्यावी. हजेरीला पोलीस उभा केला तरी चालेल. तोवर वरळी-परळच्या पालकांना एवढंच सांगते: पोराला ड्रोन घेऊन देण्याआधी डिजिटल स्कायचा नकाशा उघडा आणि त्या महिन्याचा पोलिसांचा आदेश वाचा, मगच दुकानाची पायरी चढा.