सहावा मणी लाल

परवा महिन्याभराच्या भाच्याला सर्दी झाली. डॉक्टरांची वेळ होईपर्यंत मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून त्याचे श्वास मोजत बसलो. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० भरले की न्यूमोनियाची शंका घ्यायची.

पण मोजणाऱ्या दाईला ६० पर्यंत आकडेच येत नसतील तर? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यापुढे हाच प्रश्न होता. उत्तर काय, तर मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी! दर १० श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत सहावा, लाल मणी सरकला की न्यूमोनिया. (युजर इंटरफेस म्हणतात तो हा, राव!)

गावातच न्यूमोनियावर औषध देण्याच्या त्यांच्या प्रयोगाचे आकडे १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. प्रयोगाच्या गावांत हजारी ८९ अर्भकमृत्यू, तुलनेच्या गावांत १२१.

भाच्याचे ४६ भरले. तरी ताईने आणखी दोनदा मोजायला लावलंच.