एंजिन उतरवताना

बडोदे शहराच्या जुन्या वस्त्यांतून हिंडताना बंगल्याच्या कुंपणाशी पत्र्याचे छप्पर टाकून उभारलेली घरगुती गॅरेजे आजही दृष्टीस पडतात. त्यांतील एखाद्यात केव्हा तरी एक उदास देखावा दिसतो. वैशाखातल्या उन्हात लांबच्या मजलेवर निघालेली जुनी मोटार वाटेत एकाएकी खडखडाट करून थांबलेली असते. बॉनेटखालून धूर निघतो, तेल रस्त्यावर सांडते आणि अखेर दोराने ओढून ती घरी आणली जाते. मिस्त्री येतो, झाकण उघडून आत डोकावतो आणि रोग्याच्या नातेवाइकांना वैद्याने सांगावे तितक्या शांतपणे सांगतो : एंजिन बसले, आता उतरवावे लागेल.

हा 'उतरवणे' शब्द विचार करण्याजोगा आहे. प्रत्यक्षात एंजिन खाली येत नाही. छपराच्या तुळईला साखळीची कप्पी टांगून ते वर उचलले जाते. तरीही गॅरेजातील माणूस उतरवणे असेच म्हणतो. बैलगाडीवरचे ओझे उतरवावे, चुलीवरचे पातेले उतरवावे, तसेच हे. त्या शब्दात एक मोठी कल्पना दडलेली आहे. एंजिन म्हणजे गाडी नव्हे. ते गाडीवर चढवलेले असते, आणि म्हणून उतरवता येते. आज सहज वाटणारी ही कल्पना रुजावयास बराच काळ लागला, आणि त्या काळाच्या काही खुणा बडोद्याच्याच इतिहासात उमटल्या आहेत.

जर्मनीत निकोलाउस ओटोने चार टप्प्यांत चालणारे एंजिन १८७६ साली यशस्वी केले आणि दहा वर्षांनी कार्ल बेंझने आपल्या तीन चाकी मोटारीचे पेटंट घेतले. परंतु त्या प्रारंभीच्या मोटारी म्हणजे कारागिराने हाताने घडवलेल्या वस्तू होत्या. प्रत्येक भाग कानशीने घासून शेजारच्या भागाशी जुळवलेला असे. एका गाडीचा दट्ट्या दुसरीत बसेल, याची शाश्वती नव्हती. १९०८ साली लंडनजवळ ब्रुकलंड्स येथे एक विलक्षण परीक्षा झाली. तीन कॅडिलॅक मोटारी संपूर्ण सुट्या करून त्यांचे भाग एकमेकांत मिसळण्यात आले आणि त्या ढिगातून, कानस न वापरता, पुन्हा तीन मोटारी उभ्या केल्या गेल्या. त्या तिन्ही गाड्या नंतर पाचशे मैल धावल्या. सुटा भाग बदलता येतो, हे तेव्हा साऱ्या जगाच्या प्रत्ययास आले. बडोद्यातील घरगुती गॅरेजात साखळीला लोंबणारे एंजिन त्याच परीक्षेचे दूरचे वंशज आहे.

परंतु भाग बसतो, एवढ्याने काम भागत नाही. जुन्या सांगाड्यात नवी शक्ती बसवावयाची, तर ती सांगाड्याला पेलली पाहिजे. हा धडा बडोदे संस्थानाला मोटारीच्या जन्मापूर्वीच मिळाला होता. खंडेराव गायकवाडांच्या कारकीर्दीत, १८६२ साली, डभोई आणि मियागाम यांच्या दरम्यान अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग सुरू झाला. त्या रुळांवरून गाडी धावली खरी. परंतु ती ओढीत होते बैल! दुसऱ्याच वर्षी विलायतेतील नीलसन कंपनीची वाफेची एंजिने आली. रुळांवर बैलांऐवजी एंजिन जोडले की झाले, असे कोणासही वाटावे. प्रत्यक्षात ते रूळ इतके हलके होते की, एंजिनाचे ओझे त्यांना पेलवेना. एंजिने बाजूस राहिली आणि बैल पुन्हा जुंपले गेले. पुढे १८७३ साली अधिक भक्कम रूळ घालण्यात आले, आणि वाफेच्या एंजिनांचा नियमित वापर सुरू होण्यास १८८० साल उजाडले. डभोई नंतर नॅरोगेज मार्गांचे मोठे जंक्शन बनले. मात्र त्याच्या कीर्तीच्या मुळाशी ही सतरा-अठरा वर्षांची वाट पाहणी आहे. एंजिन विकत घेण्यास एक वर्ष पुरले. ते पेलणारी वाट तयार करण्यास मात्र दीड तप लागले.

सयाजीराव महाराजांनी १८८१ साली राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली, तेव्हा हीच अडचण त्यांच्यापुढे निराळ्या स्वरूपात उभी होती. यंत्रे परदेशांतून आणता येत होती. ती चालवणारे, उघडणारे आणि दुरुस्त करणारे हात कोठून आणावयाचे? या प्रश्नाचे उत्तर म्हणून १८९० साली बडोद्यात कलाभवन सुरू झाले. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ त्याचे पहिले प्रमुख. सुतारकाम, रंगकाम, चित्रकला, यंत्रकाम असे नानाविध विषय तेथे एका छपराखाली शिकवले जाऊ लागले. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके यांनीही आरंभीच्या काळात याच संस्थेत शिक्षण घेतले. पुढे त्यांनी परदेशी कॅमेरा भारतीय हातांनी चालवून दाखवला, हा योगायोग अर्थपूर्ण म्हटला पाहिजे.

गज्जरांचा एक आग्रह विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. कारागिराला यंत्रविद्या द्यावयाची, तर ती त्याच्या स्वतःच्या भाषेत द्यावी, अशी त्यांची धारणा होती. त्यासाठी उद्योगविषयक ग्रंथ आणि परिभाषा देशी भाषांत तयार करण्याच्या कामास दरबारचे पाठबळ लाभले. ज्या माणसाच्या हाती पाना असतो, त्याच्या जिभेवर त्या कामाचे शब्दही असले पाहिजेत, हे त्यामागील सूत्र होते. हे स्वप्न पुरते साकार झाले नाही. महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय १९४९ साली स्थापन झाले, कलाभवन त्याच्या तंत्रविद्या विद्याशाखेत विलीन झाले आणि अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण इंग्रजीत स्थिरावले. गॅरेजाने मात्र आपली भाषा आपणच घडवली. पाना, पेच, कप्पी, घोडी हे घरचे शब्द आणि क्रँक, पिस्टन, गॅसकेट हे पाहुणे शब्द तेथे एकाच वाक्यात सुखाने नांदू लागले.

मोटारधंद्याच्या इतिहासातही बडोदे राज्याचे एक पान आहे, आणि ते बहुधा विस्मृतीत गेले आहे. काठेवाडच्या पश्चिम टोकाचा ओखामंडळ हा प्रदेश गायकवाडांच्या राज्यात होता. तेथे संस्थानाने बांधलेले ओखा बंदर १९२६ साली खुले झाले. याच बंदराच्या आश्रयाने १९४२ साली हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी उभी राहिली आणि मॉरिस बनावटीच्या मोटारींची जुळणी तेथे होऊ लागली. १९४८ साली कंपनीने बंगालमध्ये उत्तरपाड्याला आपले ठाणे हलवले. दरम्यान सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली होती आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली त्यांची पहिली मोटार बाहेर पडली होती.

जुळणी आणि निर्मिती यांत मोठे अंतर असते. पेट्यांतून आलेले भाग जोडणे म्हणजे मोटार बनवणे नव्हे, हे स्वतंत्र भारताच्या सरकारने ओळखले. १९५३ सालच्या जकात आयोगाच्या शिफारशींनंतर, ज्या कंपन्या देशात क्रमाक्रमाने निर्मिती करण्यास तयार नव्हत्या त्यांना केवळ जुळणीवर धंदा चालवणे अशक्य झाले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी येथील कारखाने बंद केले. त्या कंपन्या गेल्या. त्यांच्या गाड्या मात्र रस्त्यावरच राहिल्या. शेव्हरोले, ब्यूइक, फोर्ड अशा थोराड गाड्यांचे मालक सुट्या भागांसाठी कासावीस होऊ लागले. आयातीवर निर्बंध, नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा, आणि पेट्रोलचा खर्च न झेपणारा. या तिहेरी अडचणीतून गॅरेजाच्या विद्येला खरा बहर आला. झिजलेले सिलिंडर बोअर करून त्यांत मोठ्या मापाचे पिस्टन बसवणे, क्रँक घासून सारखा करणे, आणि ते न साधल्यास निराळ्याच जातीचे एंजिन चढवणे, हे सर्व मिस्त्री करू लागले.

अमेरिकन पेट्रोल गाडीत डिझेल एंजिन बसवण्याचा प्रघात याच काळातला. येथे डभोईचा धडा पुन्हा गिरवावा लागला. डिझेल एंजिनात ठिणगी नसते. हवा अतिशय दाबून तिच्या उष्णतेनेच इंधन पेटवावे लागते. तो दाब सोसण्यासाठी त्याचे अंग जाड, म्हणून वजन अधिक आणि थरथरही अधिक. केवळ जागा आहे म्हणून ते आत बसवले, तर पुढच्या स्प्रिंगा दबतात, आधाराचे कंस तडकतात आणि गिअरपेटी कुरकुरू लागते. जाणता मिस्त्री म्हणून आधी सांगाडा बळकट करी आणि मग एंजिनाला हात घाली.

कारखान्यांनाही हा नियम सुटला नाही. १९५७ साली अवतरलेल्या अँबॅसडरची कथा म्हणजे एका देहात बदलत गेलेल्या एंजिनांची कथा होय. आरंभीचे साइड-व्हॉल्व्ह एंजिन लवकरच गेले आणि त्या जागी १४८९ घनसेंटिमीटरचे ओव्हरहेड-व्हॉल्व्ह एंजिन आले. १९८० च्या सुमारास डिझेल एंजिन आले. १९९२ पासून इसुझूचे १.८ लिटरचे एंजिन बसू लागले, तेव्हा त्याच्याबरोबर पाच गतींची नवी गिअरपेटीही द्यावी लागली. २०१४ साली उत्पादन थांबेपर्यंत बाह्य रूप मात्र बव्हंशी तेच राहिले.

आता पुन्हा त्या पत्र्याच्या छपराखाली परतावे. तेथील कामाची रीत पाहिली म्हणजे या साऱ्या इतिहासाचा अर्थ हातांनी चाचपता येतो. प्रथम बॅटरीची तार सुटते, मग बॉनेट निघते, रेडिएटरमधील पाणी आणि एंजिनातील तेल काढले जाते. तेलात धातूचा चकचकीत चुरा दिसला, की बेअरिंग जळल्याची साक्ष पटते. कनेक्टिंग रॉड तुटून त्याने ओतीव लोखंडाच्या अंगाला भगदाड पाडले असेल, तर ते अंग परत कामी येत नाही. दुसरे एंजिनच शोधावे लागते. प्रत्येक तारेला आणि नळीला खूण बांधली जाते. मग साखळी ताणली जाते आणि दोघा-तिघांना हाताने न उचलणारा तो लोखंडी गोळा इंचाइंचाने वर येतो.

खरे कौशल्य चढवताना लागते. गिअरपेटीचा दांडा क्लचच्या मध्यभागी अचूक शिरला पाहिजे. त्यासाठी एखाद्या जुन्या दांड्याने क्लचची थाळी आधी मध्यावर आणतात. तो शिरला नाही, तर बोल्ट आवळून जबरदस्तीने ओढण्याचा मोह उतावळ्यास होतो, आणि तेथेच नव्या कामाचा नाश होतो. सारे जुळल्यावरही ठिणगी लगेच देत नाहीत. एंजिन नुसते फिरवून तेल वरपर्यंत चढू देतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र याआधीच विचारला गेलेला असतो : पहिले एंजिन का बसले? रेडिएटर गाळाने तुंबला होता की तेलाची वाट बंद झाली होती? हे कारण तसेच राहू दिले, तर दुसरे एंजिनही पहिल्याच्याच वाटेने जाते. काम आटोपल्यावर कायद्याचा हिशेबही चुकवावा लागतो. एंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकात असतो आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे बदलाची खबर १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास द्यावी लागते.

बडोद्याच्या शेजारी हालोल येथे याच इतिहासाचे पुढचे पान उलगडते आहे. पूर्वी भारत सोडून गेलेली जनरल मोटर्स १९९० नंतरच्या दशकात परत आली ती हालोलच्या कारखान्यात, आणि २०१७ साली तेथूनही गेली. त्याच कारखान्यात आता एम.जी. कंपनी इतर गाड्यांबरोबर विजेवर चालणाऱ्या मोटारीही बनवते. त्या मोटारींत क्रँक नाही, पिस्टन नाही, बसावयास एंजिनच नाही. बैलाची जागा वाफेने घेतली, वाफेची तेलाने. आता तेलाची जागा वीज घेऊ पाहत आहे.

हे स्थित्यंतर थांबणारे नाही, आणि त्याबद्दल शोक करण्याचेही कारण नाही. तथापि डभोईचे रूळ एक गोष्ट बजावून सांगतात. नवी शक्ती विकत मिळते; ती पेलणारे हात आणि ते हात शिकवणारी भाषा विकत मिळत नाही. गॅरेजातील वृद्ध मिस्त्री नुसता आवाज ऐकून कोणते बेअरिंग झिजले ते सांगतो. त्याची ही विद्या कोणत्याही ग्रंथात उतरलेली नाही. तो थकला, की ती त्याच्याबरोबर जाईल. विजेच्या मोटारीची पेटी उद्या त्याच्याच पोराला उघडावयाची आहे. तिचे ज्ञान त्याला त्याच्या भाषेत कोणी देणार आहे काय? कलाभवनाने १८९० साली हाती घेतलेला प्रश्न बडोद्यात अजून तसाच उभा आहे.