मोटारीचा दिवा आणि समोरचे डोळे

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या डोंबिवलीच्या घरात ओव्हनला मोठा मान असतो. एरवी वर्षभर ओट्याच्या कोपऱ्यात फडके पांघरून बसलेले ते यंत्र नानकटाईसाठी बाहेर येते आणि भाऊबीज झाली की पुन्हा झोपी जाते. गेल्या वर्षी मी तूप-साखर फेसून ओव्हनची कळ नुकती फिरवली होती, तोच कल्याणहून माझा भाचा आला. जुन्या साडीत गुंडाळलेले काहीतरी त्याने तान्ह्या मुलासारखे दोन्ही हातांवर धरले होते.

"मामी, ओव्हन तासभर देशील का?"

साडी उलगडून पाहते तो आत त्याच्या मोटारीचा उजवा दिवा! पावसाळ्यात आत पाणी शिरून दिव्याच्या आतल्या बाजूला थेंब साचले होते, आणि बाहेरून त्याला जुन्या कंगव्यासारखा पिवळटपणा आला होता. भाचा महाप्याला कामाला आहे. रात्री-अपरात्री शीळ रस्त्याने घरी येतो. "रस्ता दिसत नाही ग," तो म्हणाला. नवा दिवा महाग. तेव्हा हाच दिवा तापवून उघडायचा, धुऊन पुसून त्यात एक नवे भिंग बसवायचे आणि पुन्हा चिकटवून टाकायचा, असा त्याचा बेत होता. भिंग त्याने घरबसल्या मागवले होते.

मी ओव्हन दिला. पण कळ एकशे सत्तरवर होती, ती आधी शंभरवर आणली. नानकटाईला जी आच मानवते ती या दिव्याला मानवत नाही. त्याची पारदर्शक झाकणी पॉलिकार्बोनेटची. ती दीडशे अंशांच्या आसपास मऊ पडते. झाकणी धरून ठेवणारा ब्यूटाइल रबराचा काळा लेप मात्र शंभराच्या आतबाहेर सैल होतो. सारा खेळ मधल्या चाळीस-पन्नास अंशांचा. बल्ब, रबरी टोपणे, स्क्रू असे सगळे काढून भाच्याने दिवा लाकडी फळीवर ठेवून आत सरकवला, आणि आम्ही दोघे काचेतून बघत बसलो.

मी शाळेत शिकवते आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. दहा मिनिटे रिकामी मिळाली की गोष्ट सांगण्याची खोड दोन्ही धंद्यांनी लावलेली. मोटारीच्या दिव्याची ही गोष्ट मला थोडी अण्णांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून, आणि थोडी वाचनातून मिळाली आहे. अण्णा ट्रक चालवीत.

पहिल्या मोटारींचा दिवा रोज उघडावाच लागे. विजेचे दिवे येण्यापूर्वी मोटारीवर कार्बाइडचे दिवे असत. आंबे लवकर पिकवण्यासाठी चोरून वापरतात तेच हे कॅल्शियम कार्बाइड. त्याच्या खड्यांवर पाणी थेंबथेंब सोडले की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो पांढराशुभ्र जळतो. मागे उरतो तो चुन्याचा गाळ. तो खरवडून काढायचा, नवे खडे भरायचे, पाणी घालायचे. मोटार हाकणाऱ्याला दिवेलागणीचे काम आपल्या आजीइतकेच करावे लागे!

१९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आला. त्याच्यामागोमाग डायनॅमो आणि बॅटरी मोटारीत कायमची नांदू लागली आणि दिवाही विजेचा झाला. रस्ता दिसू लागला, पण त्याबरोबर एक नवे संकट उभे राहिले. ज्याच्या हाती दिवा त्याला दिसे. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र अंधारी येई. मोटारीच्या दिव्याचा पुढचा सारा इतिहास म्हणजे या एका अडचणीशी घातलेली झटापट आहे.

तिच्यावर मोठी सुंदर युक्ती निघाली ती १९२५ च्या सुमारास. जर्मनीतील ओसराम कंपनीने एकाच बल्बमध्ये दोन तारा बसवल्या. दिव्यातल्या खोलगट आरशासमोर ठरावीक जागी तार पेटली की किरण समांतर होऊन दूरवर जातात. दुसरी तार किंचित पुढे ठेवली आणि तिच्याखाली धातूची इवलीशी वाटी धरली, की प्रकाश आरशाच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्यावर उतरतो. काही मिलिमीटरांचा फरक. पण समोरचा माणूस आंधळा होतो की सुखरूप जातो, हे तेवढ्यावर ठरते. आपले ट्रकवाले ज्याला 'डिपर मारणे' म्हणतात ते हेच. ट्रकच्या पाठीवर 'यूज डिपर ॲट नाइट' रंगवलेले आपण सर्वांनी वाचले आहे.

पण दिवा उघडता येतो म्हटले की त्यात धूळ जाते, ओल जाते, आरसा काळवंडतो आणि तार जागची हलते. यावर अमेरिकेने १९४० सालच्या मोटारींपासून जालीम उपाय काढला. काच, आरसा आणि तार असे सगळे एकत्र करून सात इंचांचा एकच गोल दिवा कारखान्यातच सीलबंद करायचा. बिघडला की अख्खा फेकायचा आणि तसाच दुसरा बसवायचा. कोणी उघडायचा नाही, म्हणून कोणी बिघडवायचाही नाही! युरोपने हा मार्ग धरला नाही. तिथे दिवा मागून उघडून बल्ब बदलण्याची सोय राहिली.

आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. तिचे ते दोन गोल, भोळे डोळे मुंबई-ठाण्याच्या माणसाला विसरता येणार नाहीत. त्या डोळ्यांना पापणीही लाभली होती, पण ती दुःखाची. १९७१ च्या युद्धात ब्लॅकआउट झाला तेव्हा वरून विमानाला उजेड दिसू नये म्हणून गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवीत. अण्णा त्या वेळी ठाण्यात एका ट्रकवर क्लीनर होते. हातात ब्रश घेऊन हे दिवे त्यांनी स्वतः रंगवले होते. युद्ध संपले तरी दिव्याच्या वरच्या भागावर काळा पट्टा ओढण्याची चाल पुढे कितीतरी वर्षे टिकली. आता तो पट्टा विमानासाठी नव्हता, समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांसाठी होता.

पुढे १९८३ साली अमेरिकेने सीलबंद दिव्याची सक्ती सोडली आणि काचेच्या जागी प्लॅस्टिक आले. दिव्याला हवा तो आकार देता येऊ लागला, वजन घटले, दगड लागून फुटणे कमी झाले. पण प्लॅस्टिकवरचा संरक्षक मुलामा उन्हातल्या अतिनील किरणांनी झिजतो आणि डोळ्यात मोतीबिंदू पडावा तसा दिवा धूसर होतो. शिवाय आता प्रत्येक गाडीचा दिवा वेगळा. आमच्याच कल्याणच्या कारखान्यात १९९४ साली प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीबरोबर ३०९ नावाची गाडी काढली. १९९७ पर्यंत तो संसार मोडलाही. कारखाना बंद पडतो, पण गाडी धावतच असते. तिचा दिवा फुटला तर मालकाने जावे कुठे? तेव्हा जुनाच दिवा उघडावा, सांधावा आणि पुन्हा बंद करावा, ही विद्या आपल्याकडे हौसेपेक्षा गरजेतून जास्त वाढली. तिला मी नावे ठेवणार नाही.

एवढे होईतो दिवा तापला होता. भाच्याने हातमोजे घालून तो बाहेर काढला आणि चपट्या स्क्रूड्रायव्हरने कड हळूहळू उचकली. काळा लेप चिक्कीच्या पाकासारखा तारा धरीत सुटला. झाकणी अलग झाली. आतला कोरा करकरीत आरसा पाहून मलाही हरखल्यासारखे झाले. झाकणी ओल्या बारीक पॉलिशपेपरने घासून त्याने चकचकीत केली, आरसा काढून त्या जागी नवे भिंग बसवले, खाचेत ब्यूटाइलची नवी दोरी घातली, पुन्हा थोडी धग दिली आणि चिमटे लावून दिवा दाबून ठेवला.

मागच्या बाजूला एक बारीक भोक होते. तेही तो लेपाने बुजवू लागला. मी विचारले, "हे भोक कारखान्याने विसरून ठेवले असेल का रे?" तो थबकला. ते होते दिव्याचे नाक. दिवा पेटला की आतली हवा फुगते, विझला की आकसते. तिला जायला-यायला वाट हवी. नाक बंद केले की ओल आतच कोंडते, किंवा सांध्यातून पाणी आत ओढले जाते. सील करणे म्हणजे सगळे बुजवणे नव्हे. कुठे बंद करायचे आणि कुठे मोकळे ठेवायचे, हे कळणे. त्याने भोक मोकळे ठेवले.

दिवा गाडीत बसला तो धनत्रयोदशीच्या संध्याकाळी. मला दाखवायला भाच्याने गाडी आमच्या इमारतीच्या कुंपणभिंतीसमोर उभी केली. भिंतीवर उजेडाची कड सुरीने कापल्यासारखी उमटली. "बघ मामी! जुन्या दिव्याच्या चौपट उजेड!" उजेड खरोखरच होता. पण ती कड डावीकडे सपाट होती आणि उजवीकडे पायरीसारखी वर चढत होती.

ही पायरी मुद्दाम केलेली असते. रस्त्याच्या कडेचा माणूस, गुरे, मैलाचा दगड दिसावा म्हणून कडेच्या बाजूला उजेड थोडा वर सोडतात. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या दिव्याची पायरी डावीकडे चढते. जिथे उजवीकडून चालतात तिथली उजवीकडे. भाच्याचे भिंग त्या देशांसाठी घडले होते. शीळ रस्त्यावर ती पायरी सरळ समोरच्याच्या डोळ्यांत चढणार होती.

"कोणाच्या लक्षातही येणार नाही, मामी," तो म्हणाला.

मग मी त्याला अण्णांची ती गोष्ट सांगितली, जी घरात सहसा कोणी काढत नाही. १९९१ साली कसारा घाटात रात्री समोरून टेम्पो आला. दोघांचेही दिवे भरात होते. अण्णांनी डिपर मारला, पण उशिरा. डोळ्यांपुढे पांढरे झाले आणि ट्रक कठड्यावर गेला. उजवा पाय असा मोडला की पुन्हा त्यांनी गाडी चालवली नाही. आम्ही सगळे त्या टेम्पोवाल्याला बोल लावीत असू. अण्णा कधीच लावीत नसत. कितीतरी वर्षांनी, मी शाळेत नोकरीला लागल्यावर, एकदा म्हणाले, "अगं, महिन्याआधीच मी गाडीला शंभर वॅटचे बल्ब टाकले होते. सगळेच टाकत होते. मला तो दिसला नाही. त्याला तरी मी कुठे दिसलो असेन?" तो टेम्पोवाला दोन महिने रुग्णालयात होता. अण्णा कुबड्या घेऊन त्याला दोनदा भेटून आले होते, हे आईलासुद्धा मागाहून कळले.

भाचा काही बोलला नाही.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक नियम आहे, १०६ वा. पुढचा दिवा असा खाली झुकलेला हवा की दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील तो दिपू नये. कायद्याच्या रुक्ष पुस्तकात कोणीतरी एका अनोळखी माणसाला रस्त्यात उभे केले आहे आणि त्याच्या डोळ्यांची उंची मोजून ठेवली आहे. मला तो नियम फार आवडतो.

मी घरातून शिवणाची टेप आणली. गाडी वळवून घेतली, आठ मीटर मोजले, अर्धा मीटर बाजूला सरकले आणि उभी राहिले. माझी उंची बेताची. डोळे बरोबर दीड मीटरवर येतात. भाच्याने दिवा लावला आणि मला इमारत दिसेनाशी झाली, दारातली रांगोळी दिसेनाशी झाली, भाचाही दिसेनासा झाला.

"आता तू ये," मी म्हटले. तो उंच आहे. गुडघ्यांत वाकून त्याने डोळे माझ्या उंचीवर आणले, आणि मी कळ दाबली. तो बराच वेळ डोळे चोळीत उभा होता.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशीच्या फराळानंतर दिवा पुन्हा ओव्हनात गेला. जुना आरसा त्याने कापला नव्हता, हे नशीब. तोच पुसून परत बसवला, झाकणी नव्याने चिकटवली आणि भिंतीवर पायरी डावीकडे चढते याची खात्री करून घेतली. उजेड चौपट नव्हता. पण झाकणी स्वच्छ झाल्यामुळे पूर्वीपेक्षा पुष्कळ बरा होता. या पावसाळ्यात आत एक थेंबही साचला नाही.

ओव्हन मी दोनदा घासला, रिकामा तापवला. तरी त्या वर्षीच्या नानकटाईला रबराचा पुसटसा वास आलाच. भाऊबीजेला भाच्याने सहा खाल्ल्या आणि वासाबद्दल चकार शब्द काढला नाही. यंदा मात्र तो जुना ओव्हन त्याला देऊन टाकला आहे. आमच्या नानकटाईसाठी नवा आणला.