पंथ परदेशातले, वाडा आपला

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज महारवाड्यातले, मांगवाड्यातले. म्हणजे आपल्याच रक्तामांसाचे. मग वाईचा ख्रिस्ती एका पंथाचा आणि मिरजेचा दुसऱ्या पंथाचा कसा झाला? मिशनांनी आपसांत मुलूख वाटून घेतले होते म्हणून! साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशन, ते काँग्रिगेशनल पंथाचे. सांगली-मिरजेकडे प्रेस्बिटेरियन मिशन, डॉ. वानलेस यांचा मिरजेचा दवाखाना त्यांचाच. माणूस ज्या तालुक्यात जन्मला, तो त्याचा पंथ ठरला. अमेरिकेतली भांडणे कृष्णाकाठी आली ती अशी.

ही भिंत पाडायला किती काळ लागला ते पाहा. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया'त एकत्र आल्या. १९२९ पासून इतर पंथांशी बोलणी सुरू झाली. दक्षिणेत १९४७ मध्येच 'चर्च ऑफ साउथ इंडिया' उभे राहिले. उत्तरेकडच्या सहा चर्चेसची एकी मात्र २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली, तेव्हा 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' जन्माला आले. म्हणजे तब्बल ४१ वर्षे! तीही अर्धवट, कारण अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले.

वाद कशावर गाजले? बिशप असावा की नसावा, बाप्तिस्मा बाळाला द्यावा की जाणत्याला. शेवटी बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती मान्य करून वाट काढली. मतभेद ठेवून एक घर बांधता येते, हे त्यांनी दाखवले. याचे श्रेय द्यायलाच हवे.

पण जातीचे काय? साताऱ्याच्या शाळेत अस्पृश्यतेचे चटके सोसलेल्या बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्त्यांवर लिहिताना नेमके यावरच बोट ठेवले होते. धर्म बदलला तरी जात सुटत नसेल, तर त्या धर्माने तिच्याशी लढा दिला का, हा त्यांचा सवाल होता. बिशपांचे पेच सुटले, तो सवाल राहिला.

आणि सरकारनेही भिंत बांधलीच. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. एकाच वाड्यातल्या दोन भावांपैकी एकाला सवलत, दुसऱ्याला नाही; जातीचे चटके मात्र दोघांनाही!

तरुण मित्रांनो, चर्चेसच्या संथ एकीला हसण्याआधी आपल्याकडे पाहू. १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष निघाला, त्याचे किती गट झाले? आपल्यात तर बाप्तिस्म्याएवढाही तात्त्विक वाद नव्हता. नेत्यांनी एका मंचावर येणे म्हणजे एकी नव्हे. पोटजात न विचारता लग्न जमले आणि ख्रिस्ती भावाच्या हक्कासाठी बौद्ध तरुण मोर्चात उतरला, की तिला आम्ही एकी म्हणू. त्यासाठी ४१ वर्षे थांबायची आमची तयारी नाही.

जय भीम!